सिस्टर वॉलबर्गांचं गणित

१० जानेवारी १९९५, मंगळवार

ही वही मदर रोझालियांनी दिली. म्हणाल्या, रोज दोन ओळी लिही, मी वाचायला मागणार नाही. पण तुझ्या अर्जावर सही करायच्या आधी तू तरी त्या वाचलेल्या असाव्यास.

अर्ज वर्षभर मठाबाहेर राहण्याच्या परवानगीचा आहे. वर्ष संपलं की परत यायचं, नाहीतर कायमचं सुटायचं. नाताळच्या आदल्या आठवड्यात दिला. मदरनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहीच्या पहिल्या पानावर स्वतःविषयी लिहावं असं मी मुलींना सांगत असे, म्हणून लिहिते. मी सिस्टर ओटिलिया, वय चोपन्न. अठ्ठावीस वर्षं आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. गेल्या मे महिन्यात शाळा बंद झाली. शेवटच्या वर्षी सदतीस मुली उरल्या होत्या. एकतीस सिस्टरांच्या या मठात माझ्याहून लहान एकच आहे, म्हणून मला वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या आणि आजारी सिस्टरांच्या सेवेला दिलं. ताटं नेणं, ताटं आणणं, मोजे चढवणं, गोळ्या मोजणं.

आज सकाळी स्तोत्रं म्हणताना समोरच्या खिडकीच्या काचा मोजल्या. बेचाळीस. कालही बेचाळीसच होत्या.

१२ जानेवारी

बिस्मार्क शहरातून पत्र आलं. तिथल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक मिस्टर टॉर्गर्सन यांचं; त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकली होती. ऑगस्टपासून त्यांना गणिताची शिक्षिका हवी आहे. मार्चमध्ये भेटायला या, म्हणतात, आणि हो की नाही ते पंधरा एप्रिलपर्यंत कळवा. पत्र तीनदा वाचलं. त्यात ‘तुमच्यासारख्या शिक्षकांची आम्हाला गरज आहे’ असं वाक्य आहे. गरज हा शब्द माझ्या बाबतीत मेपासून कुणी वापरला नव्हता.

मदरना पत्र दाखवलं. म्हणाल्या, भेटून ये.

१९ जानेवारी

वरच्या मजल्यावर सगळ्यात किरकिऱ्या सिस्टर वॉलबर्गा. पुढच्या महिन्यात सत्याऐंशी पूर्ण होतील. साठ वर्षं गावातल्या मुलांना पियानो शिकवला. आता डोळ्यांना नीट दिसत नाही. सूप गार आहे, उशी उंच आहे, वर्तमानपत्र वाचताना माझा आवाज पडतो, अशा तक्रारी रोज.

आज मी वर्तमानपत्र वाचत होते. प्रौढांसाठी हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा बिस्मार्कला होणार, अशी चार ओळींची सूचना होती. मी ती सोडून पुढं गेले, तर म्हणाल्या, “ती परत वाच.” वाचली. मग म्हणाल्या, “बाकीचे विषय मी ऐकून करीन. गणित मात्र तू शिकव.”

मला वाटलं, वेळ घालवायला काहीतरी हवं असेल. हो म्हणून टाकलं. नाहीतरी तीन ते चार या वेळात त्या मला उशीवरूनच छळतात.

३१ जानेवारी

बाहेर शून्याखाली बावीस. तीन दिवस वारा थांबलेला नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड काळ्या पेननं आकडे काढते, पंज्याएवढे. तेवढे त्यांना दिसतात. ऋण संख्या काही केल्या डोक्यात शिरेनात. ‘नसलेल्यातून आणखी वजा कसं करायचं?’ हाच प्रश्न आठवडाभर. आज त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “आज बावीस आहे ना? रात्री आणखी दहा खाली जाईल म्हणतात.” मी म्हटलं, मग किती? “बत्तीस. ते लहान पोरही सांगेल.” म्हटलं, सिस्टर, हीच ऋण संख्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी वजाबाकीत जन्म काढला आणि कुणी सांगितलं नाही.”

अठ्ठावीस वर्षं मी संख्यारेषा फळ्यावर आडवी काढत आले. आज थर्मामीटरसारखी उभी काढली. हे आधी का सुचलं नाही? त्या वर्गातल्या किती मुली उगाच रडल्या असतील.

जेवणाची घंटा ऐकू आली नाही. उशीर झाल्याबद्दल सगळ्यांसमोर क्षमा मागावी लागली.

१४ फेब्रुवारी

प्रार्थना कोरडी. ध्यानाला बसले की पाय हलायला लागतात. आज ध्यान सोडून बंद शाळेच्या व्हरांड्यात चक्कर मारली. वर्गांना कुलपं. मुलींचे डबे ठेवायच्या फळीवर उंदरांच्या लेंड्या. परत आले तर मदर दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. या बाईंचं काही न बोलणं मला सहन होत नाही.

अपूर्णांक मात्र वॉलबर्गांना येतात. म्हणजे येत होते, त्यांनाच ठाऊक नव्हतं. पियानोतल्या सुरांच्या लांबीची मापं: अर्धा सूर, पाव सूर, अष्टमांश सूर. मी छेद समान करायला सांगितला तर त्यांनी पलंगाच्या कठड्यावर बोटांनी ताल धरला आणि उत्तर सांगितलं. पाच गणितं दिली, पाचही बरोबर. माझ्याकडून टाळी वाजवली गेली.

आमची स्वयंपाकीण डार्ला ताट न्यायला आली होती, ती दारातच रेंगाळली. एक्केचाळीस वर्षांची आहे. दहावीत असताना पोटात मुलगी राहिली म्हणून शाळा सुटली, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. कागदावरचं समीकरण बघून म्हणाली, “सिस्टर, हा क्ष कधीपासून हरवलाय? माझा नवरा हरवला तेव्हा मी दोन आठवड्यांत शोधणं सोडलं.”

वॉलबर्गा इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

आज संत वॉलबर्गांचा दिवस, म्हणजे आमच्या वॉलबर्गांचा नामदिन. डार्लानं रूबार्बचे आंबट देठ घालून कूखन, म्हणजे आमच्याकडचा गोड केक, केला. ईस्टरआधीचा उपवासकाळ बुधवारी सुरू होतोय, म्हणून सगळ्यांनी दोन दोन तुकडे घेतले.

बिस्मार्कला मुलाखतीला कधी जावं याचा विचार करत होते. मी वॉलबर्गांना त्याबद्दल अक्षर बोलले नव्हते. आज म्हणाल्या, “परीक्षा तेवीस मार्चला आहे. मला गाडीनं तूच नेणार. मी आत बसले की तू तीन तास मोकळीच आहेस. त्या मुख्याध्यापकाला तीच तारीख कळव.”

तुम्हाला कसं कळलं, म्हणून विचारलं.

“डोळे गेलेत. कान नाही गेले.”

मला वाटलं होतं, बोलतील, उपदेश करतील. काहीच नाही. एका फेरीत दोन कामं होतील एवढाच त्यांचा हिशेब. म्हातारपणी माणूस स्वतःपुरतं बघतं, हेच खरं.

७ मार्च

आज माझं चुकलं. लिहिते.

टक्केवारी चालू आहे. एकच उदाहरण सहा वेळा समजावलं. सातव्यांदा त्यांनी पुन्हा तीच चूक केली आणि मी पेन आपटलं. म्हटलं, तुम्हाला या वयात हा कागद हवाच कशाला? नोकरी करायचीय का?

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “सोळाव्या वर्षी बापानं घोडागाडीतून इथं आणून सोडलं. आठवी झालेली. मला नर्स व्हायचं होतं. त्या वेळच्या मदरनी माझी बोटं बघितली आणि पियानोपुढं बसवलं. साठ वर्षं पोरांना सांगितलं, शाळा सोडू नका. एकानंही विचारलं नाही, सिस्टर तुमची किती झाली? विचारलं असतं तर काय सांगणार होते?”

मग मी जे विचारलं ते शिकवण्यातलं नव्हतं. म्हटलं, इथं सुखी होतात का?

“चौदा वर्षं नव्हते,” त्या म्हणाल्या. “पियानोचा तिटकारा होता. पोरांच्या बोटांना जॅमचा वास यायचा. रोज मनात म्हणायची, उद्या निघते. मग एकदा कुणाची तरी पोर एक सोपी धून वाजवत होती, सारखी एकाच जागी चुकत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी ती चूक पुन्हा यायची वाट बघतेय. मजा वाटत होती. कधीपासून वाटत होती ते आजही सांगता येत नाही.”

मी म्हटलं, आणि देव?

“तो तिथंच असणार की. मला तर पोरच दिसत होती.”

हे काही उत्तर नव्हे. मला बोलावणं आलं ते एकोणिसाव्या वर्षी, स्पष्ट, भर दुपारी, गव्हाच्या शेतात. त्याचं आता काय झालं, हा माझा प्रश्न आहे. जॅमच्या वासानं तो सुटत नाही.

पेन आपटल्याबद्दल क्षमा मागितली. “सातवं उदाहरण दे,” म्हणाल्या.

२३ मार्च, गुरुवार

पहाटेच निघालो. रस्त्यावर कडेला बर्फ, मध्ये चिखल. वॉलबर्गांनी वाटेत पाढे म्हटले, नंतर जपमाळ, नंतर पुन्हा पाढे. परीक्षेच्या हॉलमध्ये बहुतेक विशीतली मुलं, त्यांच्यात या, डोक्यावर ओढणी, हातात भिंग. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका ठेवली होती. देखरेखीच्या बाईनं मला विचारलं, तुमच्या आजी का? मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

मुलाखत उत्तम झाली. टॉर्गर्सन भला माणूस. नवे फळे, प्रत्येक वर्गात तीस मुलं, खिडकीतून नदी दिसते. काम तुमचंच आहे म्हणाले, फक्त पंधरापर्यंत कळवा. शाळेजवळ एक छोटं बिऱ्हाड रिकामं आहे, तेही दाखवलं. किल्ली माझ्या हातात देऊन ते फोन घ्यायला खाली गेले.

दोन खोल्या, पिवळ्या भिंती, स्वच्छ. माझं स्वतःचं दार. किती तरी वर्षांत असं काही माझ्या ताब्यात नव्हतं. मी खिडकीशी उभी राहिले. बारा वाजले असावेत, कुठल्या तरी चर्चची घंटा झाली आणि मी माध्यान्हीचं स्तोत्र म्हणायला लागले, मोठ्यानं. पहिलं कडवं म्हटलं आणि थांबले. मठात एक कडवं आमच्या बाजूचं, दुसरं समोरच्या बाजूचं. मी समोरच्यांसाठी थांबले. भिंत होती. किती वेळ थांबले माहीत नाही. टॉर्गर्सन वर आले तेव्हा मी तशीच उभी होते. जागा आवडली ना, त्यांनी विचारलं. आवडली, मी म्हटलं. ती आवडलीच होती.

सवय, दुसरं काही नाही. वर्षभरात जाईल.

वॉलबर्गा बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. “गणितात घड्याळ पुढं पळालं,” एवढंच म्हणाल्या. वाटेत एका ठिकाणी सूप घेतलं. तिथलं सूप गार होतं, पण त्यांनी तक्रार केली नाही, त्यामुळं मला जास्तच काळजी वाटली. त्यांनी माझ्या मुलाखतीचं विचारलं. काम मिळालं म्हणून सांगितलं. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, “मुलं नशीबवान आहेत.” पुढं मठ येईपर्यंत डोळे मिटून होत्या. झोपल्या असाव्यात.

११ एप्रिल, पवित्र आठवड्यातला मंगळवार

निकाल आला. चार विषयांत पास. गणितात चाळीस लागतात, छत्तीस मिळाले.

पाकीट मीच उघडलं, मलाच वाचून दाखवायचं होतं. आकडा वाचला आणि पाकीट त्यांच्या उशाशी ठेवलं. जिना उतरून कपडे धुवायच्या खोलीत गेले आणि चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडले. शाळा बंद झाली त्या दिवशी मी रडले नव्हते. वेळेचा सराव घ्यायला हवा होता, तो मी घेतला नाही. चूक शंभर टक्के माझी.

डार्ला टेबलावरचे रुमाल न्यायला आली. मला बघून तिनं यंत्र उगाचच चालू केलं, आवाज व्हावा म्हणून. मग म्हणाली, “सिस्टर, मला एक सांगा. मी त्या वर्गात बसले तर चालेल? ताटं न्यायला येते तेव्हा अर्धंच ऐकू येतं.”

मी नाक पुसलं आणि म्हटलं, तीनला ये. वही आण.

वर गेले तर वॉलबर्गा उशीला टेकून बसलेल्या. “पुन्हा कधी बसता येतं?” त्यांनी विचारलं. मेच्या मध्यावर, मी म्हटलं. “मग तू अशी का दिसतेस? चारच तर कमी पडलेत.”

कशी दिसते ते त्यांना दिसत नाही. तरी म्हणाल्या.

२० एप्रिल, गुरुवार

आज जे घडलं ते मला समजलेलं नाही. घडलं तसं लिहिते.

ईस्टरचा आठवडा गर्दीचा गेला. पवित्र शनिवारी सकाळी डार्ला तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली, एक पेट्रोल पंपावर काम करते, एक शेतकऱ्याची विधवा. तिघींना बेरजेपासून सुरुवात. सोमवार, मंगळवार, बुधवारही त्या आल्या. वॉलबर्गा स्वतः त्यांना उभी संख्यारेषा शिकवतात, आणि माझ्याहून बरी शिकवतात. मी त्यांच्यासाठी घड्याळ लावून सराव घेते. चार गुण कुठं सांडतात ते मला आता नेमकं माहीत आहे.

आज सकाळी नाश्त्यानंतर मदरच्या खोलीतल्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. वीस तारीख. पंधरा होऊन पाच दिवस झाले.

मी विसरले. गोळ्यांच्या वेळा, सदतीस मुलींचे वाढदिवस, खिडकीच्या काचा, सगळं ध्यानात ठेवणारी मी. तिथूनच टॉर्गर्सनना फोन लावला. क्षमा मागितली. ते म्हणाले, “सिस्टर, तुमच्यासाठी जागा अजून धरून ठेवलीय. ईस्टरची गडबड असेल म्हणून मीही फोन केला नाही. मग तुम्ही येताय ना—”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. मग त्यांनी सावकाश विचारलं, कारण कळेल का? बोलावणं, व्रत, देव, यातलं काहीही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, “तीन वाजता माझा वर्ग असतो.”

फोन ठेवला. मदर टेबलापाशी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी खण उघडून माझा अर्ज काढला. त्यावर सही होती, तारीख नऊ जानेवारी. म्हणजे वही द्यायच्या आदल्या दिवशीची.

मी म्हटलं, मदर, तुम्ही मला सोडून द्यायला तयार होतात?

“बांधून ठेवलेली सिस्टर मला कशाला हवी,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा तो. हवा तर वापर.”

आता अर्ज माझ्याकडे आहे. तूर्त मेच्या परीक्षेपर्यंत थांबायचं, एवढंच ठरवलंय. ते झालं की पुन्हा शांतपणे विचार करीन. दुपारभर वाईट वाटायची वाट पाहिली. एवढी चांगली नोकरी गेली. तीन वाजले आणि पंपावरची आली, तिला भागाकार समजला होता. मग वाट पाहायचं राहूनच गेलं.

९ मे

लिहायला वेळ नाही. सहाजणी झाल्या. पलंगाभोवती जागा पुरत नाही.

६ जून, मंगळवार

जवळजवळ महिनाभर वहीला हात लावला नव्हता. मदरनी रोज दोन ओळी सांगितल्या होत्या.

वॉलबर्गांचा निकाल आला. एकेचाळीस. जेवणाच्या खोलीत मदरनी उभं राहून वाचला. तीस सिस्टरा एकदम उठल्या, काहींना उठायला बराच वेळ लागला. वॉलबर्गांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, “चाळीसच लागत होते. तो एक जादा गुण मिळवण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात ओटिलियानं मला निवांत जेवू द्यायला हवं होतं.” डार्ला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. तिनं सप्टेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे.

जेवणानंतर मदरनी शाळेची किल्ली दिली. तळमजल्यावरचा वर्ग घे, म्हणाल्या, पलंगाभोवती बायका बसवणं डॉक्टरना पसंत नाही. दुपारी तिथं गेले. धूळ, मेलेल्या माश्या, बाकांखाली एका मुलीचा हातमोजा. खिडक्या उघडल्या, फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला. शेतकऱ्याची विधवा मदतीला आली होती. तिनं बादली खाली ठेवून विचारलं, “सिस्टर, तुम्ही मघापासून गाताय ते काय आहे?” मला ठाऊकच नव्हतं की मी गातेय. ते आज सकाळचं स्तोत्र होतं. दोन्ही बाजूंची कडवी मीच म्हणत होते.

संध्याकाळच्या प्रार्थनेत आजही लक्ष लागलं नाही. उद्या नव्या वर्गात आधी दशांश घ्यावेत की टक्केवारी, हेच डोक्यात घोळत होतं. मन भरकटल्याची पूर्वी रुखरुख लावून घेतली असती. आज वाटलं, ज्यानं बोलावलं त्यालाच विचारावं. विचारलं. त्यानं काही सांगितलं नाही, म्हणून वर जाऊन वॉलबर्गांना विचारलं.

“दशांश,” त्या म्हणाल्या. “टक्केवारीच्या दिवसांत मी रडत असे.”

मी चकित झाले. म्हटलं, कधी? मला तर एकदाही दिसलं नाही.

“तू चार वाजता गेलीस की. तुझ्यासमोर रडले असते तर तू शिकवणं थांबवलं असतंस, आणि त्या दिवसांत तुला ते परवडणारं नव्हतं.”

मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी उशी उंच आहे म्हणून तक्रार केली. मी ती खाली केली.